दृष्टिबाधित मुलांच्या दातांना होणाऱ्या इजा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लहान मुलांची दंतवैद्य आहे. दृष्टिबाधित मुलांचे आईवडील, त्यांचे शिक्षक, वसतिगृहातले कर्मचारी आणि आता मोठी झालेली मुलंमुली मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. बरेच जण हे पान स्क्रीन रीडरवर ऐकतात, म्हणून चित्रं घातलेली नाहीत आणि प्रत्येक प्रश्नाला क्रमांक दिला आहे. दात आत्ताच मुळासकट पडला असेल तर बाकीचं राहू द्या, थेट प्रश्न ५ वर जा.

१. दृष्टिबाधित मुलांना दाताच्या इजा खरंच जास्त होतात, की आम्हीच जास्त घाबरतो?

दातांना मार लागणं मुळातच फार सर्रास घडतं. जगभरातल्या पाहण्यांचा एकत्रित अंदाज असा, की पक्क्या दातांना इजा झालेली मुलं-माणसं साधारण १५ टक्के, तर दुधाच्या दातांना इजा झालेली बालकं २३ टक्क्यांच्या आसपास आहेत. दृष्टिबाधित मुलांच्या बऱ्याच पाहण्यांत हे प्रमाण जास्त आढळलं आहे. सर्वाधिक मार खातात ते वरच्या जबड्यातले मधले दोन दात.

कारण साधं आहे. दिसणाऱ्या मुलासमोर अचानक काही आलं तर क्षणभर आधी त्याची मान वळते, हात पुढे येतो, डोकं मागे जातं. न दिसणाऱ्या मुलाला ती आगाऊ सूचनाच मिळत नाही. त्याला अडथळा कळतो तो आपटल्यावर, आणि तोपर्यंत सगळा जोर तोंडावर आलेला असतो. यात मुलाचा वेंधळेपणा कुठेच नाही. हे मी दर वेळी सांगते, कारण ‘जरा जपून चाल’ एवढंच ऐकून मोठी झालेली मुलं मार लागल्याचं लपवायला शिकतात. मग दात काळा पडेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही.

२. माझा मुलगा पांढरी काठी व्यवस्थित वापरतो. तरी नेमकं तोंडालाच कसं लागतं?

कारण काठी जमीन वाचते. खड्डा, पायरी, वाटेत ठेवलेली पिशवी, टेबलाचा पाय हे सगळं काठीला कळतं, पण कमरेच्या वर जे अधांतरी असतं ते कळत नाही. अर्धवट उघडं दार, बाहेर उघडणारी खिडकीची झडप, भिंतीतून पुढे आलेलं कपाट, जिन्याची खालची उतरती बाजू, झाडाची आडवी फांदी. काठी खालून मोकळी जाते आणि तोंड जाऊन आदळतं.

यावर मोबिलिटीचे, म्हणजे न दिसता सुरक्षित वावरायला शिकवणारे, शिक्षक एक सोपी पद्धत शिकवतात. हात खांद्याच्या उंचीवर उचलायचा, कोपरात वाकवून चेहऱ्यासमोर आडवा धरायचा, तळवा बाहेरच्या बाजूला. ओळखीच्या खोलीत काठीशिवाय वावरताना हा हात दातांचं मोठं रक्षण करतो. दुसरी सवय वाकण्याची. पडलेली वस्तू उचलताना कमरेत पुढे झुकलं की टेबलाची कड थेट ओठावर बसते. त्यापेक्षा पाठ सरळ ठेवून उकिडवं बसायचं, आणि वाकावंच लागलं तर आधी एक हात चेहऱ्यासमोर धरायचा. या दोन सवयी चौथ्या-पाचव्या वर्षापासून खेळता खेळता लावता येतात.

३. घरात आणि शाळेत नेमकं काय बदलायचं? सगळं तर बदलता येणार नाही.

एकच गोष्ट करणार असाल तर दारांची करा. दार एकतर पूर्ण बंद किंवा भिंतीला टेकेल इतकं पूर्ण उघडं. अर्धवट उघड्या दाराची उभी कड हातात सापडत नाही. पुढे केलेले दोन हात तिच्या दोन्ही बाजूंनी निघून जातात आणि मधे सापडतं नाक आणि दात. हा नियम घरातल्या, वर्गातल्या दिसणाऱ्या माणसांनी पाळायचा आहे. मुलाने नाही.

मग चेहऱ्याच्या उंचीची पाहणी करा. मुलाच्या उंचीइतकं खाली बसून सगळ्या वाटांवरून एकदा फिरा आणि काय काय पुढे आलंय ते बघा. मूल वाढतं तशी ही उंची बदलते, म्हणून वर्षातून एकदा तरी ही फेरी मारायला हवी. कपाटांची दारं आणि खण वापरून झाल्यावर लगेच बंद करायचे, खुर्च्या टेबलाखाली सरकवायच्या, सामान हलवलं तर मुलाला सांगायचं आणि नवीन जागेला त्याचा हात लावून द्यायचा.

अल्पदृष्टीच्या मुलांसाठी काचेच्या दारांवर, पायऱ्यांच्या कडांवर आणि खांबांवर ठळक विरोधी रंगाची पट्टी लावा. आणि त्यांना उजेड किती सोसतो ते विचारा, कारण काहींना मंद प्रकाशात दिसत नाही तर काहींना झगझगीत उन्हात. पाणी पिण्याच्या नळाजवळची ढकलाढकली आणि झोपाळ्यासमोरून जाणारी वाट या दोन जागा शाळांनी वेगळ्या तपासाव्यात. झोपाळ्याभोवती हाताला लागेल असा कठडा हवाच.

४. मग पळणं, खेळणं बंद ठेवावं का?

नाही. जे मूल पळत नाही त्याचा तोल आणि जागेचा अंदाज कच्चा राहतो, आणि पुढे ते जास्त पडतं. खेळ सुरू ठेवा, दात झाका.

गोलबॉल हा खेळ १९४६ मध्ये महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी तयार झाला आणि १९७६ पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. त्यातला घुंगरांचा चेंडू सव्वा किलोचा असतो आणि तो अडवायला खेळाडू जमिनीवर आडवे झेपावतात. अंध फुटबॉलमध्ये चेंडूकडे धावणाऱ्याने ‘व्हॉय’ असं ओरडणं बंधनकारक आहे, टक्कर टळावी म्हणून. ही युक्ती शाळेच्या मैदानावरही चालते: जो धावतो त्याने आवाज द्यायचा.

माउथगार्ड, म्हणजे खेळताना दातांवर बसवायचं मऊ कवच, तीन प्रकारचे मिळतात. तयार मापाचा सैल बसतो आणि दात आवळून धरावा लागतो. गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचा त्यापेक्षा बरा. दाताचं माप घेऊन बनवलेला सगळ्यात चांगला, कारण तो तोंडात असताना बोलता येतं, आणि या खेळांत बोलणं हीच नजर असते. दुधाचे दात पडून पक्के येण्याच्या वयात तो लवकर घट्ट होतो, तेव्हा दर काही महिन्यांनी तपासून घ्या.

५. पक्का दात मुळासकट बाहेर आला. पहिल्या काही मिनिटांत काय करायचं?

मुलाला आधी तोंडाने सांगा: काय झालंय, तुम्ही कुठे उभे आहात, आता कुठे हात लावणार आहात. न सांगता तोंडाला हात लावला तर ते झिडकारणारच.

दात उचलताना तोंडात दिसणाऱ्या रुंद भागाला धरा, मुळाला बोट लावू नका. मुळावर जिवंत पेशींचा पातळ थर असतो आणि पुढचं सगळं त्याच्यावर अवलंबून असतं. माती लागली असेल तर दुधात, सलाइनमध्ये किंवा मुलाच्याच लाळेत हलकेच बुडवून काढा. घासू नका, साबण लावू नका, पुसू नका. मग दात त्याच्या खाचेत सरळ बसवा, मुलाला स्वच्छ रुमाल हलकेच चावून धरायला सांगा आणि दंतवैद्याकडे निघा. १५ मिनिटांच्या आत बसवलेल्या दाताला सगळ्यात चांगली संधी असते. तासभर कोरडा राहिलेल्या दाताच्या मुळावरच्या पेशी बहुतेक मेलेल्या असतात.

बसवणं जमलं नाही तर दात दुधात ठेवा. दूध नसेल तर मुलाला एका भांड्यात थुंकायला सांगून त्या लाळेत, नाहीतर सलाइनमध्ये. साधं पाणी दाताला मानवत नाही, पण कोरडं ठेवण्यापेक्षा तेही बरं. कागदात किंवा कोरड्या रुमालात गुंडाळून आणलेला दात पाहिला की मला फार वाईट वाटतं, कारण आणणाऱ्याने तो जपूनच आणलेला असतो. तासापेक्षा जास्त वेळ गेला तरी दात टाकू नका, सोबत घेऊन या. बसवायचा की नाही ते तपासून ठरवता येतं.

मूल शुद्धीवर नसेल, जबडा मोडल्याचा संशय असेल, हृदयाचा गंभीर आजार असेल किंवा प्रतिकारशक्ती फार कमी असेल तर दात स्वतः बसवू नका, दुधात घालून आणा.

पुढे दंतवैद्य तो दात शेजारच्या दातांना लवचीक तारेने साधारण २ आठवडे बांधून ठेवतात. मूळ पूर्ण वाढलेलं असेल तर त्याच २ आठवड्यांत रूट कॅनॉल सुरू करतात. धनुर्वाताची लस कधी दिली होती ते सांगा. तेवढे दिवस मऊ अन्न, मऊ ब्रश, आणि धक्काबुक्कीचे खेळ बंद.

६. मी पूर्ण अंध आहे, १९ वर्षांची. खोलीत एकटी असताना दात पडला तर मी काय करू?

हा प्रश्न मला एका मुलीने विचारला तेव्हा लक्षात आलं, की आमच्या सगळ्या सूचना दिसणाऱ्या माणसासाठी लिहिलेल्या असतात.

आहेस तिथेच थांब, पाय हलवू नकोस, दात पायाखाली जाऊ शकतो. आधी जीभ आणि ओठांच्या आतली बाजू चाचपून पाहा, दात तिथेच अडकलेला असू शकतो. मग कपड्यांच्या घड्या. मग खाली बसून तळवे जमिनीवरून, स्वतःपासून सुरुवात करून मोठ्या होत जाणाऱ्या वर्तुळांत फिरव. फोन जवळ असेल तर ओळखीच्या कोणाला किंवा ‘बी माय आइज’सारख्या ॲपवरच्या स्वयंसेवकाला कॅमेऱ्यातून शोधायला सांगता येईल.

दात सापडला की रुंद, चपटं, गुळगुळीत टोक म्हणजे वरचा भाग. निमुळतं, ओलसर, किंचित खरखरीत टोक म्हणजे मूळ. ओळख पटली की मुळावरून बोट काढ. वरच्या भागाची बाहेरची बाजू बोटाला किंचित फुगीर लागते आणि आतली चमच्यासारखी खोलगट. खोलगट बाजू जिभेकडे यायला हवी. खाच जिभेने सापडते, ती मऊ आणि ओली लागते. दात हळूच खाचेत सरकव आणि शेजारच्या दाताच्या कडेला बोट लावून दोन्ही कडा एका रेषेत आल्या का ते बघ. शेजारचा दात हाच तुझा मोजमापाचा दांडा.

हे सगळं करायचं धैर्य त्या क्षणी झालं नाही तर दुधाचा पेला पुरे. घाईत, भीतीत बसवलाच पाहिजे असं नाही.

७. पडलेला दात दुधाचा की पक्का, हे कसं ओळखायचं? दुधाचा असेल तर?

दुधाचा दात कधीही परत बसवू नये, कारण त्याच्या वर वाढत असलेल्या पक्क्या दाताला इजा होऊ शकते. तरी मुलाला तपासून घ्याच.

समोरचे वरचे पक्के दात साधारण ७ ते ८ व्या वर्षी येतात. त्याआधीचा दात बहुतेक दुधाचा. दुधाचा दात लहान आणि कडेला बहुधा सपाट लागतो. नुकत्याच आलेल्या पक्क्या दाताची कड बोटाला तीन छोट्या उंचवट्यांची, किंचित करवतीसारखी लागते. शंका असेल तर दुधात ठेवून दंतवैद्याला फोन करा.

८. दात पडला नाही, पण तुकडा उडालाय किंवा दात हलतोय. सोमवारपर्यंत थांबू का?

फक्त वरच्या आवरणाचा बारीक टवका गेला असेल आणि दुखत नसेल तर एक-दोन दिवस चालतील. आतला पिवळसर भाग उघडा पडून थंड-गरम लागत असेल तर त्याच दिवशी या. मधोमध लालसर ठिपका किंवा रक्त दिसत असेल तर नस उघडी पडली आहे. लवकर आलात तर कोवळ्या वयात नसेचा बराचसा भाग जिवंत ठेवता येतो आणि मूळ पुढे वाढू शकतं. थांबलात तर ही संधी जाते.

उडालेला तुकडा पाण्यात ठेवून आणा, बरेचदा तोच चिकटवता येतो. दात आत घुसला, बाहेर लोंबला किंवा तिरका झाला असेल तर तोही त्याच दिवशीचा मामला. दिसणाऱ्याने हे आरशात पाहावं. न दिसणाऱ्या मुलाला विचारा: ‘दात मिटल्यावर नेहमीसारखे जुळतात का?’ त्याचं उत्तर बहुतेक वेळा आपल्या नजरेपेक्षा अचूक असतं.

९. दात सापडतच नाही.

गिळला गेला असेल तर सहसा आपोआप निघून जातो. खोकला, घरघर किंवा धाप असेल तर तो श्वासनलिकेत गेला असू शकतो, लगेच रुग्णालयात न्या. ओठ फाटलेला आणि तुकडा गायब असेल तर ओठाचा एक्स-रे काढायला सांगा. तुकडा आत रुतून बसलेला मिळतो. कधी कधी तर दात पूर्ण वर जबड्यात घुसलेला असतो आणि सगळ्यांना वाटतं की पडला.

१०. तोंडावर पडल्यावर डोक्याचं आणि डोळ्यांचंही बघावं लागतं का?

दाताच्या आधी तेच. पुन्हा पुन्हा उलटी, शुद्ध हरपणं, गुंगी, गोंधळल्यासारखं बोलणं, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव, चालताना नेहमीपेक्षा वेगळा झोक, यातलं काहीही दिसलं तर आधी रुग्णालय. हनुवटीवर पडून तोंड पूर्ण उघडत नसेल तर कानाजवळचा जबड्याचा सांधा मोडलेला असू शकतो.

इथे एक गोष्ट फार थोड्या पालकांना सांगितली जाते. डोक्याला मार लागला की डॉक्टर डोळ्यांत प्रकाश टाकून बाहुल्या तपासतात. ज्या मुलाचा एक डोळा कृत्रिम आहे, ज्याला बुबुळाचा पडदा जन्मतःच नाही किंवा जो बाहुली मोठी करणारे थेंब घेतो, त्याच्या बाहुल्या एरवीही नेहमीसारख्या वागत नाहीत. काही मुलांचे डोळे एरवीही सतत हलत असतात. अनोळखी डॉक्टर यावरून चुकीचा निष्कर्ष काढू शकतात. म्हणून मुलाच्या डोळ्यांची नेहमीची स्थिती दोन ओळींत लिहून फोनमध्ये आणि दप्तरात ठेवा.

थोडी दृष्टी असलेल्या मुलाला मार लागल्यानंतर प्रकाशाचे चमकारे, पडदा सरकल्यासारखं किंवा उजेड कमी वाटला तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.

११. खुर्चीत बसल्याबरोबर मुलगी किंचाळते. डॉक्टरांना काय सांगू?

मुलांच्या दंतवैद्यांची नेहमीची पद्धत म्हणजे सांगा, दाखवा, करा. इथे ‘दाखवा’च्या जागी ‘हाताला लागू द्या’ येतं. आरसा तिच्या हातात द्यायचा, हवा आधी हातावर सोडायची, ब्रश नखावर फिरवायचा, यंत्राचा आवाज दूरवर चालू करून ऐकवायचा, औषधाची चव आधी सांगायची. डॉक्टरांनी तिच्याशी बोलावं, तुमच्याशी तिच्याबद्दल नव्हे. खोलीतून जाताना ‘मी जाते’ म्हणावं. खुर्ची मागे जाणार हे आधी सांगावं, कारण जमीन अचानक कलते ती भीती खरी असते. झगझगीत उजेडाचा त्रास होत असेल तर काळा चष्मा लावून बसू द्यावं.

इजा होण्याआधी एकदा नुसती ओळखीची भेट घडवा. पहिल्याच भेटीत रक्त आणि सुई असेल तर पुढची सगळी वर्षं जड जातात.

१२. मुलाच्या डोळ्याच्या पडद्याचं (रेटिनाचं) ऑपरेशन नुकतंच झालंय. दातासाठी लाफिंग गॅस चालेल का?

नेत्रतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नाही. पडद्याच्या काही शस्त्रक्रियांत डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडतात आणि तो काही आठवडे राहतो. लाफिंग गॅस, म्हणजेच नायट्रस ऑक्साइड, त्या बुडबुड्यात शिरून तो फुगवतो, डोळ्यातला दाब वाढतो आणि उरलेली दृष्टी कायमची जाऊ शकते. दंतवैद्याने विचारलं नाही तरी तुम्ही सांगा. सुई देऊन बधिर करणं, तोंडी औषधं असे दुसरे मार्ग आहेत. दुखण्यासाठी लहान मुलाला ॲस्पिरिन देऊ नका.

१३. दाताचा रंग बदलला तर माझ्या मुलीला दिसणार नाही. कळणार कसं?

मार लागलेल्या दाताची नस आठवड्यांनी, कधी वर्षांनी मरते, म्हणून तारखा पाळणं महत्त्वाचं. निखळून परत बसवलेल्या दातासाठी २ आणि ४ आठवडे, ३ आणि ६ महिने, १ वर्ष आणि नंतर दर वर्षी निदान ५ वर्षं तपासणी असते. इतर इजांचं वेळापत्रक वेगळं असतं. महिन्यातून एकदा एकाच उजेडात फोटो काढून ठेवा.

पण तिच्यावरही काम सोपवा. हिरडीवर पुळी आली तर ती जिभेला लागते, पू झाला तर वाईट चव येते, चावताना बारीक दुखतं. बसवलेला दात हाडाला चिकटून बसला तर वाढत्या वयात शेजारच्या दातांपेक्षा आखूड वाटू लागतो, आणि टकटक केलं तर त्याचा आवाज धातूसारखा उंच येतो. हे आवाज ओळखायला आम्हाला वर्षं लागतात. कान तयार असलेली मुलं ते घरी बसून ओळखतात.

१४. डोळ्यांचा आजार आणि दात कमजोर असणं, यांचा संबंध असतो का?

काही वेळा असतो. फार अकाली जन्मलेल्या आणि त्यामुळे पडद्याचा आजार झालेल्या मुलांच्या दातांचं आवरण बरेचदा पातळ किंवा खड्डे पडलेलं असतं. जन्मानंतर तोंडातून श्वासाची नळी घातलेली असेल तर समोरच्या दातांवर तिच्या खुणा राहू शकतात. जलीली सिंड्रोममध्ये पडद्याच्या आजाराबरोबर दातांचं आवरणच नीट बनत नाही. ॲक्सनफेल्ड-रीगर सिंड्रोममध्ये डोळ्यांच्या दोषाबरोबर काही दात मुळात येतच नाहीत. त्यामुळे पडल्यानंतर ‘इथला दात कुठे गेला’ असा शोध सुरू होतो, आणि तो तिथे कधी नव्हताच. जुना एक्स-रे जपून ठेवला तर हा गोंधळ होत नाही.

१५. समोरचे दात पुढे आहेत. तारा आत्ताच लावाव्यात का?

पुढे आलेले आणि ओठांनी न झाकले जाणारे दात सगळ्यात आधी मार खातात. ७ ते ११ वर्षांच्या वयात ते मागे घेण्याचे उपचार केले तर समोरच्या दातांना इजा होण्याचं प्रमाण घटतं, हे अभ्यासांतून दिसलं आहे. एरवी या वयात मी थांबायला सांगते. दृष्टिबाधित मुलाच्या बाबतीत लवकर करण्याकडे माझा कल आहे. तारांवर बसणारा माउथगार्ड वेगळा बनवून घ्यावा लागतो.

१६. एका विद्यार्थ्याला वारंवार लागतं. सगळे म्हणतात, ‘त्याला दिसत नाही, तो आपटतच असतो.’ मी शिक्षिका आहे, मला शंका येते.

शंका बाजूला सारू नका. दृष्टी नसणं हे प्रत्येक जखमेचं स्पष्टीकरण होऊ शकत नाही, आणि अपंग मुलांवर हिंसा होण्याचा धोका जास्त असतो. चालताना आपटून होणाऱ्या जखमा कपाळ, नाक, हनुवटी, नडगी अशा पुढे आलेल्या हाडांवर असतात. गालाच्या मऊ भागावर, कानावर, मानेवर वळ असतील, वेगवेगळ्या वेळचे असतील, सांगितलेली गोष्ट दर वेळी बदलत असेल किंवा उपचाराला आणायला फार उशीर होत असेल तर लक्ष द्या. वरचा ओठ आणि हिरडी यांना जोडणारा पातळ पडदा नुसता पडूनही फाटतो. एकट्या त्यावरून काही ठरवू नका, पण न चालणाऱ्या तान्ह्या बाळात तो फाटलेला असेल तर गांभीर्याने घ्या.

मुलाशी एकांतात, त्याला ओळखीच्या जागी बोला. ‘कोणी मारलं का?’ असं विचारण्याऐवजी ‘तेव्हा काय काय झालं ते सांग’ म्हणा. खोलीत आणखी कोणी नाही हे त्याला स्पष्ट सांगा, कारण त्याला ते बघता येत नाही आणि तो गप्प बसतो ते बहुधा त्यामुळेच. तो बोलला ते त्याच्याच शब्दांत, तारीख घालून लिहा. जखमेची जागा आणि आकार लिहा. मग शाळेच्या बालसंरक्षण व्यवस्थेकडे द्या आणि दंतवैद्याला किंवा डॉक्टरांना तुमची शंका उघड सांगा, म्हणजे तेही त्या नजरेने तपासतील. स्वतः चौकशी करत बसू नका, आणि ज्याच्यावर शंका आहे त्याच्यासमोर मुलाला पुन्हा विचारू नका.